आपला खाडा कोण मांडतं?

शेवटची_खिडकी | १२ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी डोंबिवलीकर, वय ६७. फोर्टातल्या एका केंद्र सरकारी कचेरीतून २०१८ साली निवृत्त झालो. मुलगा-सून बंगळूरला. सौ. २०२२ च्या जूनमध्ये गेली. तिसरा मजला, लिफ्ट चालू असते, पेन्शन एक तारखेला जमा. म्हणजे रडगाणं गायला बसलेलो नाही, हे आधीच सांगतो.

गेल्या महिन्यात मला सडकून ताप आला. तीन दिवस अंथरुणात. चहा करायचंही त्राण नव्हतं, पाणी आणि बिस्किटांवर काढले. दूध मी मोबाइलवरून मागवतो. दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवलेली असते, पहाटे पाचला एक मुलगा कानात दोऱ्या घालून येतो, पिशवीत पिशवी टाकतो, जातो. त्याने पहिल्या दिवशीच्या दुधावर दुसऱ्या दिवशीचं टाकलं, त्यावर तिसऱ्या दिवशीचं. चौथ्या दिवशी समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहणाऱ्या मुलीने बेल वाजवली. ‘अंकल, काहीतरी वास येतोय.’ सर्वात खालची पिशवी फुगून फुटली होती.

मुलाचा दोष नाही. त्याला सातच्या आत शंभरेक दारं उरकायची असतात. मला गंमत वाटली ती मोबाइलची. तिन्ही दिवस सकाळी संदेश आला होता, ‘आपले दूध यशस्वीरीत्या पोहोचले आहे’. आणि खाली, किती तारे देणार?

स्वयंपाकघरात दाराच्या मागे २०२२ चं कालनिर्णय अजून आहे. उतरवलेलं नाही. त्यावर हिच्या अक्षरात खाडे मांडलेत. दुधाचा खाडा असला की चौकोनात ‘दू’, बाईचा असला की ‘बा’, पेपरचा असला की फुली. आम्ही गावाला गेलो की सलग चार ‘दू’. महिनाअखेरीस भय्या दारात उभा राहायचा, ही कॅलेंडर वाचायची, तो त्याची वही वाचायचा आणि एका दिवसावरून दोघांचं भांडण व्हायचं. ‘भाभी, सोला तारीख को मैं आया था, आपने दरवाजा नहीं खोला.’ पुढे त्यालाच काळजी, ‘तबियत ठीक थी ना?’

तापातून उठल्यावर त्या कॅलेंडरसमोर उभा होतो. जून महिन्यात ८ तारखेनंतर चौकोन कोरे आहेत.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात घुमतोय. आपण दुधाचा खाडा मांडत होतो, पण तोही आपला मांडत होता. ३४ वर्षं एकच लोकल पकडली. वेळ बदलत गेली, आठ-बाराची आठ-सतरा झाली, पण डबा तोच, मागून दुसरा, आणि माणसं तीच. एक दिवस रजा घेतली तर दुसऱ्या दिवशी चौघं विचारायचे, ‘काय साहेब, काल दांडी?’ दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला तोरण, पेढे, आरती. एकाच्या मुलीच्या लग्नाला अख्खा डबा गेला होता बदलापूरला. त्यातल्या निम्म्या लोकांची आडनावं मला आजही माहीत नाहीत. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी शाल दिली, आणि त्यानंतर मी दिसलो नाही तर कोणी विचारायचं कारणच उरलं नाही. रीतसर निरोप दिला होता ना.

परवा हयातीचा दाखला दिला. घरी बसून, मोबाइलसमोर चेहरा धरून, दोनदा डोळे मिचकावून. दोन मिनिटांत सरकारला पटलं की मी जिवंत आहे. पूर्वी नोव्हेंबरात बँकेत तास-दीड तास रांगेत उभं राहायचो, शिव्या घालायचो. पण त्या रांगेत जोशी आहेत की गेले, हे कळायचं.

तर प्रश्न असा. ‘छंद जोपासा’, ‘मित्र जोडा’ हे सगळं मान्य. मला वेगळं विचारायचंय. उद्या तुम्ही ठरल्या वेळी ठरल्या जागी दिसला नाहीत, तर घरच्यांखेरीज कोणाला कळेल? तुमचा खाडा कोण मांडतं?

---

रोहन_९८ | १२ नोव्हेंबर, रात्री १०.०५

काका, मस्त लिहिलंय. पण यावर उपाय आहेत ना. १) हास्यक्लब २) योग ३) स्मार्ट घड्याळ घ्या, त्यात पडलात तर मुलाला आपोआप फोन जातो ४) दुधाच्या अ‍ॅपमध्ये ‘बेल वाजवा’ असा पर्याय असतो, तो चालू करा.

---

कढीलिंब | १२ नोव्हेंबर, रात्री १०.२२

रोहन, बाळा, काकांनी औषधाची चिठ्ठी मागितलेली नाही.

काका, लेख वाचून उठले आणि आमच्या कॅलेंडरकडे बघितलं. आमच्याकडेही ‘बा’च लिहायचे, हसू आलं. आता बाई स्वतःच मोबाइलवर कळवते, ‘आज नही आयेगी’. चौकोन कोरेच.

---

गप्पाकाउंटर | १२ नोव्हेंबर, रात्री ११.१५

मी नेदरलँड्समध्ये, युट्रेख्तजवळ राहते. आई पुण्यात एकटी, वय ७४. रोज तिच्या रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल. हिवाळ्यात तेव्हा माझे चार वाजलेले असतात, ऑफिसातून कोट घालून बाहेर पडते, चालता चालता बोलते. घड्याळं पुढे सरकली की पाच वाजतात.

बरीच वर्षं मला वाटायचं की मी आईसाठी फार करते. मागच्या दिवाळीत घरी असताना पाहिलं. भावाचा कॉल यायचा होता. आठ वाजल्यापासून आई तयार. साडी बदलली, केस विंचरले, खुर्ची दिव्याखाली ओढली, चष्मा पुसला. साडेआठला फोन आला, ‘जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, बरं ठेवतो’, सहा मिनिटं. मग तिने दिवा बंद केला, आणि नऊला झोपायला गेली. मी दाराआडून बघत होते. माझ्याही कॉलच्या आधी आणि नंतर हे असंच होत असणार. मी काय विचारते? जेवण आणि गोळ्या. हजेरीच ती.

आता उलटं केलंय. मी तिला कामं लावते. ‘तुझ्या पद्धतीने अळूचं फदफदं करायचंय, इथे भारतीय दुकानात पानं मिळाली आहेत, आंबटपणाला काय घालू?’ ‘पेपरातलं शब्दकोडं सोडवून सकाळी फोटो पाठव, मला आडवा सातवा अडलाय.’ अडलेला नसतो कधीकधी. तिलाही ते कळतं, पण फोटो न चुकता येतो. एकदा साडेदहापर्यंत आला नाही, मी शेजारच्या काकूंना फोन केला. गिरणीत गेली होती.

इथली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. यंबो नावाच्या सुपरमार्केटने २०१९ मध्ये फ्लाइमन गावातल्या दुकानात एक काउंटर सुरू केलं, ‘क्लेत्सकासा’, म्हणजे गप्पांचं काउंटर. ज्यांना घाई नाही त्यांनी तिथे उभं राहायचं. बिल करणारी बाई तुमच्याशी बोलणार, मागचा माणूस चुळबुळ करणार नाही. पुढे बऱ्याच दुकानांत ते आलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसायला आलं होतं, आमच्या सदाशिव पेठेतल्या वाण्याकडे हे फुकट व्हायचं म्हणून. आता हसू येत नाही. वाणीही आता ‘यादी व्हॉट्सअ‍ॅप करा’ म्हणतो.

---

खिडकी_क्रमांक_४ | १३ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच काउंटरवर. कोणती बँक ते राहू दे.

रोज पासबुक भरायला येणारे एक गृहस्थ होते. रोज. नोंद काही नसायचीच. महिन्यातून पेन्शन एकदा, वीजबिल एकदा, व्याज तीन महिन्यांनी. तरी बरोबर अकराला पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढायचे, रबरबँड सोडायचे, ‘जरा बघता का’. मी प्रिंटरमध्ये घालायचो, कोरं बाहेर यायचं. ‘नाही काही.’ ‘बरं बरं.’ मग पाच मिनिटं क्रिकेट. मागचे लोक कावायचे, मीही कधी कधी कावायचो, खोटं कशाला बोलू.

मग पासबुक छापायचं यंत्र आलं. दारापाशीच. साहेबांनी सांगितलं, ज्येष्ठांना यंत्राची सवय लावा. मी स्वतः त्यांना शिकवलं, बारकोड कुठे धरायचा, पान कसं उलटायचं. दोन दिवस त्यांनी केलं. तिसऱ्या दिवसापासून यायचे बंद झाले. मला वाटलं, बरं झालं, जमलं त्यांना. महिन्याभराने त्यांचा मुलगा खातं बंद करायचे कागद घेऊन आला तेव्हा कळलं.

यंत्रामुळे गेले असं मी म्हणत नाही. वय होतं. पण अकरा वाजता माझी मान अजून दाराकडे वळते, निवृत्त झालो तरी.

हयातीच्या दाखल्याचं थोडं: डिजिटल दाखला २०१४ मध्ये आला, तेव्हा बोटांचे ठसे लागायचे. म्हाताऱ्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत, आयुष्यभर भांडी घासलेल्या बायकांचे तर नाहीच. मग २०२१ मध्ये चेहऱ्याची सोय आली. ती खरोखर चांगली सोय आहे हो. खाटेवर पडलेल्या माणसाला रिक्षात घालून आणायचे, पाहवत नसे. सोय वाईट नाही. फक्त जे धडधाकट आहेत त्यांनी वाटलं तर यावं. बँकेत अजून स्वीकारतात.

---

शेवटची_खिडकी | १३ नोव्हेंबर, सकाळी ९.१०

@खिडकी क्रमांक ४, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. रबरबँड.

@रोहन, ‘बेल वाजवा’ पर्याय चालू केला. आज पहाटे ५.०५ ला बेल वाजली, मी धडपडत उठलो, दार उघडेपर्यंत मुलगा पाचव्या मजल्यावर. पर्याय बंद केला.

---

आज्जी_सांगलीच्या | १३ नोव्हेंबर, दुपारी २.३०

नातवाने हे नाव काढून दिलंय, मला आवडलंय. वय ७६. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते.

२०२२ च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरीवरच्यांना एस.टी. फुकट झाली राज्यभर. पासष्ट ते पंच्याहत्तर निम्मं तिकीट. मी पंच्याहत्तर व्हायची वाट बघत बसले होते बघा, वाढदिवसाची अशी वाट आयुष्यात बघितली नव्हती. आता दर गुरुवारी नरसोबाच्या वाडीला जाते. भक्ती आहे, नाही असं नाही, पण खरं सांगायचं तर मला ती गाडी आवडते. स्टँडवर आठ-दहा जणी जमतो, कोणाची सून काय म्हणाली ते सगळं स्टँडवरच होतंय. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो, मी ते जपून ठेवते. आधार कार्ड दाखवायचं तर माझा फोटो त्यात असा आलाय की एक कंडक्टर म्हणाला, ‘आज्जी, ह्या कोण?’

दर्शन घेऊन घाटावर बसायचं. कृष्णा-पंचगंगा संथ वाहत असतात. पावसाळ्यात देऊळच पाण्यात जातं, तेव्हा वरनंच हात जोडायचे. येताना कवठाची बर्फी पावशेर.

मागच्या महिन्यात गुडघा धरला म्हणून दोन गुरुवार गेले नाही. तिसऱ्या गुरुवारी गाडीत पाय ठेवला तर तोच कंडक्टर, ‘काय आज्जी, आम्हाला वाटलं गेलात का काय!’ शेजारची बाई दचकली. मला मात्र लई बरं वाटलं. घरात सगळी आहेत माझी, मुलगा, सून, दोन नातवंडं. पण घरात मी असतेच. असलेल्या माणसाकडे कोण बघतंय? गाडीत मी येते.

---

पाऊसपाणी | १३ नोव्हेंबर, दुपारी ३.०५

‘घरात मी असतेच, गाडीत मी येते.’ आज्जी, दंडवत.

---

नको_गं_बाई | १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.२०

थोडा वेगळा सूर लावते, दगड मारू नका.

मी ७०, नाशिक. पती जाऊन सहा वर्षं. एकत्र कुटुंबात सून म्हणून आले ती अकरा माणसांत. चाळीस वर्षं सकाळी उठल्यापासून ‘अगं’, ‘अहो’, ‘काकू’, ‘चहा’. संडासात गेले तरी बाहेरून हाक. आता दोन खोल्या आणि मी. सकाळी चहा करते, एक कप, आणि तो गरम पिते. चाळीस वर्षांत गरम चहा प्यायले नव्हते हो. दुपारी दोन वाजता जेवले काय, चार वाजता जेवले काय. कधी नुसता दहीभात, कधी भेळ.

लोक येतात आणि चेहरा पाडून म्हणतात, ‘एकट्या पडलात’. मी पडले नाही, मी बसलेय. निवांत. पुरुषांना एकटेपणा जास्त लागतो असं माझं निरीक्षण आहे, कारण त्यांना पाण्याचा ग्लास हातात मिळायची सवय असते. (धागाकर्त्यांना उद्देशून नाही.)

तरी एक कबूल करते. मेथीवाली सोमवारी आणि शुक्रवारी येते. तिला माहीत आहे की मला लाल देठाची लागते. आली नाही तर मला करमत नाही.

---

जुनाट | १३ नोव्हेंबर, रात्री ८.४५

ज्येष्ठ नागरिक संघाबद्दल कोणीतरी लिहिलंच पाहिजे, म्हणून मी लिहितो. (आमचा संघ कुठला ते विचारू नका, अध्यक्षही इथे वाचतात.)

महाराष्ट्रात गावोगावी संघ आहेत, त्यांचा महासंघ फेस्कॉम आहे, सगळं चांगलं आहे. पण आमच्याकडे बैठक म्हणजे काय? प्रार्थना, मागच्या सभेचं इतिवृत्त, वाढदिवस असलेल्यांना गुलाबाचं फूल, मग वक्ता. वक्ता मधुमेहावर, नाहीतर मृत्युपत्रावर. दीड तास बोलतो. मग आभार. आभारात सर्वांची नावं, त्यातून एक राहतं, तो रुसतो. मग बटाटेवडा. बोलायला मिळतो तो बटाटेवड्याचा वेळ, बारा मिनिटं. आणि बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, जणू लग्नाची पंगत.

मी सुचवलं, वक्ता काढा, वडा ठेवा. ठराव बारगळला.

पण आमच्यातल्या चौघांनी फुटून एक केलं. रोज संध्याकाळी पाच वाजता तळ्याच्या तिसऱ्या बाकावर. अजेंडा नाही. येणार नसेल त्याने सांगायचं. न सांगता आला नाही तर दुसऱ्या दिवशी वडे त्याच्याकडून. दंडाचा फायदा असा की माणूस खरंच कळवतो. आणि न कळवता आला नाही तर आम्ही समजतो की काहीतरी बिघडलंय. गेल्या वर्षी एकाला असंच न्हाणीघरात पडलेलं गाठलं, सातच्या आत. खुबा मोडला होता, आता चालतो. वडे मात्र त्याने अजून दिलेले नाहीत.

---

कानसेन | १३ नोव्हेंबर, रात्री १०.३०

मी श्रवणतज्ज्ञ. सगळे बाकावर बसायला सांगतायत, म्हणून बाकावर येऊन परत जाणाऱ्यांबद्दल लिहिते.

साठीनंतर ऐकू कमी येतं ते आवाजाने नव्हे, अक्षरांनी. उंच पट्टीचे आवाज आधी जातात, म्हणजे स, श, फ, थ. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. म्हणून म्हातारा माणूस म्हणतो, ‘मला ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता.’ खोटं बोलत नसतो तो. एकाशी एक बोलताना चालून जातं. चौघं एकदम बोलायला लागले, वर पंखा, मागे रिक्षा, की सगळा कालवा. मग माणूस काय करतो? सगळे हसले की हसतो. एकदा चुकीच्या जागी हसतो. कोणीतरी म्हणतं, ‘आजोबा, काय चाललंय काय!’ दुसऱ्या दिवसापासून तो येत नाही. घरचे म्हणतात, ‘अलीकडे त्यांना माणसं नकोशी झालीत.’ माझ्याकडे येणाऱ्यांत ही कहाणी इतक्या वेळा ऐकलीय की पुढचं वाक्य मीच सांगते.

‘लॅन्सेट’च्या डिमेन्शियाविषयक आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितलेत. त्यांत श्रवणदोषही आहे आणि माणसांतून तुटणंही. आमच्या कामात हे दोन एकाच दारातून आत येताना दिसतात.

कानाच्या यंत्राबद्दल एवढंच: ते चष्म्यासारखं नसतं, की घातलं आणि दिसलं. मेंदूला ते आवाज पुन्हा ओळखायला काही आठवडे लागतात. पहिल्या दिवशी भांड्यांचा आवाज तोफेसारखा वाटतो आणि यंत्र कपाटात जातं. रोज थोडा थोडा वेळ वापरा, एका माणसाशी बोलताना सुरुवात करा, लग्नाच्या हॉलमध्ये नव्हे. आणि घरच्यांनो, दुसऱ्या खोलीतून ओरडू नका. समोर या, तोंड दिसू द्या.

---

रोहन_९८ | १३ नोव्हेंबर, रात्री ११.५०

काल मी यादी टाकली त्याबद्दल सॉरी काका. बेलबद्दल पण.

एक सांगू का? हिंजवडीत पीजीत राहतो. तीन दिवस घरून काम. गेल्या आठवड्यात शुक्रवार ते सोमवार मी एकाही माणसाशी तोंडाने बोललो नाही. जेवण दाराबाहेर ठेवून जातात, ‘हँड ओव्हर नको’ हा पर्याय मीच निवडलाय. म्हणजे माझी पण दुधाची पिशवीच.

जागतिक आरोग्य संघटनेचा जून २०२५ चा अहवाल आत्ता वाचला. जगात दर सहा माणसांत एक एकाकी, आणि सगळ्यात जास्त प्रमाण म्हाताऱ्यांत नाही, १३ ते २९ वयात. आम्ही निदान खाडा लागण्याइतकं रोज कुठे जातच नाही.

---

कढीलिंब | १४ नोव्हेंबर, सकाळी ६.५५

रोहन, परवा मी फार तोडून बोलले. हिंजवडीत कुठे राहतोस? मी बाणेरला आहे. रविवारी जेवायला ये. पुरणपोळी नाही हां, पिठलं-भात.

---

गिरगावातला | १४ नोव्हेंबर, दुपारी १२.४०

आमच्या चाळीत पद्धत होती, कोणी ठरवलेली नव्हती. प्रत्येकाचा पेपर दाराच्या कडीत खोचलेला. नऊपर्यंत पेपर आत गेला नाही की जाता येता कोणीही कडी वाजवायचं. ‘काय वहिनी, पेपर नाही उचललात?’ कधी कोणी वैतागायचंही, झोपू देत नाहीत म्हणून. चाळीतल्या चौकशा काय असतात ते ज्याने भोगलंय त्यालाच माहीत. मुलगी बघायला आले तर तिसऱ्या माळ्यावरून प्रश्न. म्हणून तर सगळे पळालो टॉवरात, बंद दारांना भुलून. तेव्हा फार गळा काढू नये हेही खरं.

टॉवरात आता आम्ही तिघा एकट्या राहणाऱ्यांनी उंबरठ्याचं ठरवलंय. सकाळी नऊच्या आत दाराबाहेरचं पायपुसणं उलटं करायचं. झाडणाऱ्या मावशी साडेनऊला मजल्यावर येतात, त्यांना सांगून ठेवलंय. सुलटं दिसलं की त्या बेल दाबतात. मावशींना दिवाळीला वेगळं पाकीट. विसरायला होतं अधूनमधून, मग मावशींचा ओरडा खातो.

---

पाऊसपाणी | १४ नोव्हेंबर, दुपारी १.१५

ज्यांना कोणीच नाही त्यांच्यासाठी: ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १४५६७. पेन्शन, कायदा, छळ यासाठी तर आहेच, पण नुसतं मन मोकळं करायलाही फोन करता येतो. मावशींच्या ओरड्याची सर नाही, पण असू द्यावा नंबर.

---

शेवटची_खिडकी | २ डिसेंबर, रात्री ८.२०

धागा वर काढतोय. सगळ्यांना एकेकट्याने उत्तर दिलं नाही, क्षमस्व. मधल्या काळात दोन गोष्टी केल्या.

एक. दुधाचं अ‍ॅप बंद केलं. चौकाच्या पलीकडे डेअरी आहे, सकाळी साडेसहाला चालत जातो, अर्धा लिटर घेतो. महिन्याचं खातं. मालक गुजराथी, पन्नाशीचा, अजिबात बोलत नाही. मान वर न करता पिशवी ठेवतो, वहीत टिंब. तिथे चार माणसं उभी असतात, त्यांच्याशी हवापाणी होतं.

तुमचे प्रतिसाद वाचून डोक्यात किडा वळवळला. मुद्दाम दोन दिवस गेलो नाही. (हसा.) चहा कोरा प्यायलो. तिसऱ्या दिवशी गेलो, उभा राहिलो, वाटलं आता विचारेल. त्याने मान वर केली नाही. पिशवी ठेवली. मी थोडा खट्टू झालो. पैसे विचारायच्या निमित्ताने म्हटलं, ‘हिशेब बघू जरा.’ त्याने वही फिरवून माझ्यापुढे केली. माझ्या ओळीत टिंबं, टिंबं, आणि मग दोन चौकोनांत गुजराथीत काहीतरी लिहिलेलं. विचारलं, हे काय? तो म्हणाला, ‘रजा.’ मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून, ‘बाहेरगाव?’

दोन. मागच्या मंगळवारी सकाळी स्टेशनवर गेलो. नुसताच. आठ-सतरा आता आठ-एकवीस आहे. मागून दुसऱ्या डब्याच्या जागी उभा राहिलो. गर्दी अशी की मला फलाटाच्या कडेने जिन्याकडे ढकलत नेलं. ओळखीचे फक्त दोन चेहरे दिसले. त्यातला एक दारात लटकलेला, त्याने मला पाहिलं, हात करायला हात मोकळा नव्हता, म्हणून भुवया उडवल्या. गाडी गेली. रात्री त्याचा फोन आला. नंबर त्याच्याकडे होता, सात वर्षं. म्हणाला, पुढच्या मार्चला रिटायर होतोय, फार भीती वाटतेय, काय करता तुम्ही दिवसभर?

तासभर बोललो. काय करतो ते सांगता आलं नाही नीट. डेअरीचं सांगितलं.

---

खिडकी_क्रमांक_४ | २ डिसेंबर, रात्री ८.५५

मीही डोंबिवलीत, पूर्वेला. इतके दिवस बोललो नाही. तुम्ही?

---

शेवटची_खिडकी | २ डिसेंबर, रात्री ९.०२

पूर्वेलाच! गणेश मंदिरापासून सात मिनिटं.

---

आज्जी_सांगलीच्या | २ डिसेंबर, रात्री ९.१०

बघा, एकाच गावात राहून दोघं मोबाइलवर. भेटा की आता.

---

शेवटची_खिडकी | २ डिसेंबर, रात्री ९.१४

आज्जींची आज्ञा. @खिडकी क्रमांक ४, गुरुवारी सकाळी अकरा, देवळाच्या पायऱ्यांपाशी. येताना पासबुक आणा, नोंद नसली तरी चालेल. आणि जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा, नाहीतर खाडा लावीन.

---

जुनाट | २ डिसेंबर, रात्री ९.२०

खाडा नको, वडे लावा.